धुराची चव राखणारं शहर

बांबर्गला गाडीतून उतरलं की शहर दिसायच्या आधी त्याचा वास येतो. धान्य भाजल्याचा, गोडसर, कडेला जरासा करपलेला. स्टेशनाच्या मागे वायरमान या मॉल्टच्या कारखान्याच्या लाल-पिवळ्या विटांच्या जुन्या इमारती आहेत. 1879 साली सुरू झालेला हा कारखाना अजून त्याच घराण्याकडे आहे आणि इथलं मॉल्ट जगभरच्या लहान-मोठ्या ब्रुअरींना जातं.

"मावशी, पुण्यातल्या एका ब्रुअरीत या नावाची पोती रचलेली मी पाहिलीत," भाचा म्हणाला.

तो एर्लांगेनला नोकरी करतो. तिथून बांबर्ग रेल्वेनं जवळच. जर्मनीत आलेच आहे तर हे शहर बघायचंच, असं माझ्या मनात फार दिवस होतं. सिंधुदुर्गात वाढल्यामुळे दारू गाळणारी माणसं मला लहानपणापासून ठाऊक होती. त्यांच्या कामाबद्दल मात्र कुणी मोठ्यानं बोललेलं ऐकलं नव्हतं. जिथे हेच काम चारचौघांत, पिढ्यान्‌पिढ्या, नाव लावून केलं जातं, ती जागा मला पाहायची होती.

बांबर्ग उत्तर बव्हेरियात आहे, पण इथल्या माणसाला बव्हेरियन म्हटलेलं रुचत नाही. तो स्वतःला फ्रँकोनियाचा म्हणवतो, दारावर लाल-पांढरा झेंडा लावतो. हा मुलूख बव्हेरियाला जोडला गेला तो 1802-03 च्या सुमाराला. त्याआधी कित्येक शतकं इथे बिशपांची सत्ता होती. बिअरला बार्ली, हॉप्सची कडू फुलं आणि पाणी यांखेरीज काही लागता कामा नये, असा बव्हेरियाचा 1516 चा कायदा प्रसिद्ध आहे. पण इथल्या बिशपनं तसाच हुकूम 1489 मध्येच काढला होता. ही सत्तावीस वर्षांची आघाडी बांबर्गकर आजही आवर्जून सांगतात.

स्टेशनावरून गावाकडे निघालं की नदी ओलांडायच्या आधी ओबेरे क्योनिगश्ट्रासे नावाचा रस्ता लागतो. तिथे दोन ब्रुअरी समोरासमोर उभ्या आहेत. एका बाजूला 1536 ची श्पेत्सियाल, दुसऱ्या बाजूला 1649 ची फेस्ला. मध्ये रस्त्याची रुंदी, तेवढंच अंतर. शतकानुशतकं एकमेकींच्या दारात बघत दोघींनी धंदा केला आणि दोघी टिकल्या. रविवारच्या सकाळी प्रार्थनेहून परतणारी म्हातारी माणसं दोन्हीकडे शिरताना दिसली. कोण कुठे शिरणार हे बहुधा आजोबांच्या काळापासून ठरलेलं असावं.

आम्ही श्पेत्सियालमध्ये शिरलो. भिंतींना काळपट लाकडाचं अस्तर, लांब बाकं, खिडकीत जेरॅनियमच्या कुंड्या. रिकामं टेबल शोधायची पद्धत इथे नाही. जिथे बाकावर जागा असेल तिथे जाऊन, "बसू का?" असं विचारायचं आणि अनोळखी माणसांच्या शेजारी टेकायचं. उठून जाताना बोटांच्या पेरांनी टेबलावर टकटक करायची, म्हणजे सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं झालं. आमच्या टेबलावर एक आजी-आजोबा होते, त्यांच्या पलीकडे कामाच्या कपड्यांतला एक सुतार आणि कडेला लहान मुलीला मांडीवर घेतलेली तिची आई. मुलगी सफरचंदाचा रस पीत होती. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं.

त्या उन्हाकडे माझं पुन्हा पुन्हा लक्ष जात होतं. आपल्याकडे परमिट रूमच्या काचा काळ्या असतात आणि आत दिवसाही रात्र असते. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावला, आणि 'परमिट रूम' हे नाव पाटीवर कायमचं बसलं. तिथे बाई एकटी शिरली तर गल्ला सांभाळणारासुद्धा मान वर करून बघतो. इथे समोरच्या आजींनी मला नजरेनंच जागा दिली आणि आपली पर्स बाकावरून उचलून मांडीवर घेतली.

श्पेत्सियाल आपलं मॉल्ट स्वतः तयार करते. ते कसं, हे मराठी घरात समजावून सांगणं सोपं आहे, कारण नाचणीचं सत्त्व करणाऱ्या बाईला त्यातलं अर्धं काम येतं. बार्ली भिजवायची, मोड आणायचे. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात, की त्यांच्यामुळे पुढे त्यातल्या पिठाची साखर होऊ शकते. मोड वाढत राहिले तर तो साठा रोपच खाऊन टाकेल, म्हणून वेळेवर दाणा वाळवून त्यांना थांबवायचं. आपण सत्त्वाची नाचणी उन्हात पसरतो. फ्रँकोनियातलं ऊन एवढं भरवशाचं नाही. इथे दाणा वाळवायला विस्तव लागला, विस्तवाला लाकूड लागलं आणि लाकडाचा धूर दाण्यात उतरला. हा धूर बिअरपर्यंत यायचा. जुन्या काळी युरोपात ठिकठिकाणी बिअरला कमी-अधिक धुराची चव होती, ती यामुळेच.

पुढे धूर धान्याला न शिवता नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या. त्या स्वस्त पडत, दाणा एकसारखा वाळवत आणि मॉल्ट स्वच्छ, फिकं निघे. एकेका गावातून धुराची चव गेली. बांबर्गच्या दोन घरांनी मात्र बीचच्या लाकडाचा विस्तव विझू दिला नाही. एक ही श्पेत्सियाल आणि दुसरी नदीपलीकडची श्लेंकेर्ला. या धुराच्या बिअरला इथे राउखबिअर म्हणतात. श्पेत्सियालची बिअर तांबूस असते आणि तिच्यातला धूर सौम्य. पहिला घोट घेतल्यावर तो लगेच कळत नाही. घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी येतो आणि थोडा वेळ राहतो.

आजोबांनी भाच्याला विचारलं, "तुमच्या मावशीला आवडली का?" मी मान डोलावली. ते काहीच बोलले नाहीत, पण त्यांनी आपला पेला माझ्या पेल्याला लावताना थेट डोळ्यांत पाहिलं. इथे पेला भिडवताना नजर चुकवणं असभ्य मानतात. मग भाच्यानं मला फ्रँकोनियन रीत सांगितली. इथली माणसं तोंडभरून स्तुती करत नाहीत. जेवणाला नावं ठेवली नाहीत, म्हणजे जेवण उत्तम झालं. मला आमच्याकडची वडीलधारी माणसं आठवली. सार कसं झालंय विचारलं, तर ती म्हणत, "बरां आसा." एवढं ऐकलं की रांधणारीला पावती मिळायची.

रस्त्यामागे भाजीवाल्यांचा जुना मोहल्ला आहे. बाहेरून बघावं तर एकाला एक लागून घरं, रुंद कमानी दरवाजे. कमानीतून आत डोकावलं की मागे लांबच लांब वाफे. शहराच्या मधोमध कांदा, मुळा, कोबी, आणि या गावाची नामांकित वाकड्या बोटांसारखी बटाट्याची जात. एके काळी इथे ज्येष्ठमधाची लागवड होती आणि तो दूरदूर जायचा. युनेस्कोनं 1993 मध्ये बांबर्गला जागतिक वारसा म्हटलं, त्यात चर्च आणि राजवाड्यांबरोबर हे वाफेही आले. पिकवणारा, मळणारा, आंबवणारा आणि पिणारा इतक्या जवळ राहतात, हे त्या कमानीत उभं राहिल्यावर पटतं.

पुढे रेग्नित्स नदी. नदीच्या मधोमध, पुलाला धरून, जुनं नगरभवन उभं आहे. दंतकथा अशी, की बिशप नगरवासीयांना जागा देईना, म्हणून त्यांनी नदीत खांब ठोकून स्वतःची जमीन केली. खरं-खोटं काहीही असो, शहराला ही गोष्ट प्रिय आहे. भिंतींवरची रंगीत चित्रं पाण्यात हलत होती. नगरभवनापासून श्लेंकेर्ला फार दूर नाही. एका अरुंद गल्लीत लाकडी आडव्या-तिरप्या तुळयांचं घर आहे, आणि दाराबाहेर रस्त्यावरच हातात पेले घेऊन माणसं उभी.

या घराची पहिली नोंद 1405 ची सापडते. ते चालवणाऱ्या त्रुम कुटुंबाची आता सहावी पिढी आहे. गुत्ता खाली गावात आणि ब्रुअरी वर टेकडीवर. आत एक दालन जुन्या डोमिनिकन मठाचं आहे, वर कमानदार छत. काउंटरवर लाकडी पिंप ठेवलेलं असतं. त्याला नुसती तोटी ठोकलेली. वायूचा दाब नाही, यंत्र नाही. बिअर आपल्या वजनानं पेल्यात पडते. पिंप रिकामं झालं की दुसरं गडगडत येतं आणि लाकडी हातोड्यानं तोटी ठोकल्याचा आवाज सगळ्या दालनभर होतो. वाढणारी बाई पुठ्ठ्याच्या चकतीवर पेला ठेवते आणि चकतीच्या कडेला पेन्सिलीनं एक रेघ ओढते. किती पेले झाले त्याचा हिशेब एवढाच. ती चकती गिऱ्हाइकाच्याच हातात असते. एखादी रेघ पुसणं काही कठीण नाही, पण कुणी पुसत नाही.

श्लेंकेर्लाची मेर्त्सेन ही बिअर जवळजवळ काळी दिसते, उजेडाला धरली की लालसर. पेला तोंडाशी नेला आणि शिमग्याची होळी पेटवून आलेल्या माणसाच्या कपड्यांना दुसऱ्या दिवशी येतो तसा वास आला. पहिल्या घोटात धुराशिवाय काही लागत नाही. गावात म्हणतात, की निदान तिसऱ्या पेल्यापर्यंत मत बनवू नये. मी इतकं प्यायले नाही, पण दुसऱ्या पेल्याच्या मध्यावरच धूर मागे सरकला आणि त्याच्या आडची चव पुढे आली. मॉल्टचा गोडवा, मग हॉप्सचा कडूपणा, आणि शेवटी कोरडेपणा, ज्यामुळे पुढचा घोट घ्यावासा वाटतो. मद्यार्क 5.1 टक्के. म्हणजे फार कडक नाही. दोन तास बसून बोलायचं, तर हे बेताचं माप आहे.

वर्षाच्या ऋतूंप्रमाणे इथली बिअर बदलते. ॲश वेन्सडेपासून ईस्टरपर्यंत उपासाच्या दिवसांतली बिअर, शरद ऋतूत अधिक कडक उरबॉक आणि नाताळच्या सुमाराला ओकच्या लाकडावर वाळवलेल्या मॉल्टची, 8 टक्क्यांची डबल बॉक. ओकचा धूर बीचपेक्षा मऊ असतो, असं जाणणारे सांगतात. आपल्याकडे आंब्याला पाडव्याची, गुळाला संक्रांतीची वाट बघावी लागते. इथली माणसं तशीच बॉकची वाट बघतात, आणि पहिलं पिंप फोडण्याचा दिवस गावाच्या तोंडी असतो.

जेवायला बांबर्गचा कांदा मागवला. मोठा कांदा पोखरून, आत खिमा भरून शिजवलेला, वर खारवलेल्या डुकराच्या मांसाची पट्टी आणि भोवती राउखबिअरचाच रस्सा. सोबत बटाट्याचा लगदा. भरल्या वांग्यांवर वाढलेल्या जिभेला भरलेला कांदा परका वाटला नाही. तिखटाची उणीव मात्र जाणवली, आणि ती उणीव धुरानं बरीचशी भरून काढली. कांदा त्या मागच्या वाफ्यांतल्या जातीचा, रस्सा या तुळयांखालच्या पिंपातला. पदार्थ शहराबाहेर गेलाच नव्हता.

शेजारच्या माणसानं भाच्याशी बोलता बोलता 1907 च्या बिअरयुद्धाची गोष्ट काढली. त्या वर्षी बांबर्गच्या ब्रुअरीवाल्यांनी एकजूट करून पेल्याची किंमत एका फेनिगनं वाढवली. गावानं पिणंच थांबवलं. शेजारच्या फोर्खहाइम गावच्या ब्रुअरींनी जुन्या भावात बिअर पुरवली आणि थोड्याच दिवसांत बांबर्गच्या मालकांनी माघार घेतली. सांगणारा हसत नव्हता. आपल्या खापरपणज्यानं सत्याग्रहात भाग घेतला होता हे सांगताना माणूस जसा ताठ बसतो, तसा तो बसला होता. गिऱ्हाईक म्हणून आपला या पेल्यावर हक्क आहे, ही जाणीव इथे वारशानं येते. ज्या चवीवर गावाचा हक्क असतो, ती मालकालाही एकट्यानं बदलता येत नाही. धुराची भट्टी टिकली ती अशा गिऱ्हाइकांच्या जोरावर, असं मला तिथे बसून वाटलं.

दुपारी कॅथीड्रल पाहिलं. चार मनोरे, आत टिलमन रीमेनश्नायडरनं घडवलेली सम्राट हेन्री दुसरा आणि कुनिगुंडे यांची समाधी, खांबावरचा तेराव्या शतकातला घोडेस्वार. मोठ्या शांततेची जागा. पण संध्याकाळी सगळं गाव ज्या दिशेला निघालं होतं, तिकडे मलाही जायचं होतं.

बांबर्ग सात टेकड्यांवर वसलंय. त्यांतल्या श्टेफान्सबेर्गच्या पोटात वालुकाश्म खोदून केलेली तळघरं आहेत. बिअर थंडाव्यात हळूहळू मुरावी म्हणून पूर्वी ती तिथे ठेवत. वरून ऊन लागू नये म्हणून माथ्यावर चेस्टनट आणि लिंडनची झाडं लावली. लोक उन्हाळ्यात थेट तिथेच जाऊन प्यायला लागले. म्हणून इथे तळघरात जायचं तर टेकडी चढावी लागते. वर खडी पसरलेली, लाकडी बाकं, खाली कौलांचा लाल समुद्र आणि त्यातून वर आलेले कॅथीड्रलचे मनोरे. अशा बागेत बिअर तिथली घ्यायची, खाणं घरून आणलं तरी चालतं. आमच्या शेजारच्या कुटुंबानं पिशवीतून चौकड्यांचं कापड काढून टेबलावर अंथरलं, मग पाव, चीज, मुळ्याच्या चकत्या, उकडलेली अंडी. आजीनं मुळ्याची बशी आमच्याकडे सरकवली. भाच्यानं डब्यातल्या शंकरपाळ्या पुढे केल्या. पोरांनी त्या आधी हुंगल्या आणि मग संपवल्या.

सूर्य बुडायच्या सुमारास त्या बाकावर मला आपल्याकडच्या बायकांची आठवण झाली. उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानासाठी गावोगाव झगडलेल्या बायकांची. त्यांचा राग खोटा नाही. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात गेलेली त्यांनी पाहिलीय, मार खाल्लाय. त्यांच्यापुढे बांबर्गच्या बागेचं चित्र उभं करून उपदेश करणं हा अन्याय होईल. हलकी बिअर आणि हातभट्टीची दारू एक नव्हे, आणि व्यसनाचं दुःख जर्मनीतही आहे. पण मला एक गोष्ट दिसली ती सांगितली पाहिजे. इथे पिणाऱ्याच्या समोर त्याची आई बसलेली असते, बायको बसलेली असते, मूल बसलेलं असतं. त्या नजरांचा एक लगाम असतो. आपण पिणं काळ्या काचेआड ढकललं आणि तो लगामही त्याच्याबरोबर बाहेर राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आउफझेसला गेलो. बांबर्गच्या पूर्वेला चुनखडीचे सुळके, त्यांच्या पायथ्याशी ओढे, उतारावर बार्लीची शेतं आणि बीचची रानं. आउफझेस पंचायतीची वस्ती दीड हजाराच्याही आत आणि ब्रुअरी चार. दरडोई ब्रुअरींच्या संख्येसाठी या गावाचं नाव गिनेस बुकात गेलं. चारही ब्रुअरींना जोडणारी चौदा किलोमीटरच्या आसपासची पायवाट आहे. शेताच्या बांधावरून, रानातून, खेड्यातून चालायचं आणि प्रत्येक ब्रुअरीत थांबायचं. हेकेनहोफच्या काटी-ब्रॉयच्या अंगणात मोटरसायकलवाल्यांची गर्दी होती. चामडी जाकिटं घातलेले पन्नाशीचे बाप्ये केकचे तुकडे समोर ठेवून गप्पा मारत होते.

या खेड्यांतली बिअर बहुतेक दूर जात नाही. बांबर्गमध्येही ती सगळीकडे मिळत नाही. एका अंगणात मालकीणबाईच पेले आणत होत्या. मी विचारलं, जास्त बनवून शहरात का पाठवत नाही? त्या म्हणाल्या, "शहरात पाठवली तर इथे कोण येईल?" एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या. तिथे एक तरुण मुलगा आपल्या आजोबांना हात धरून बाकावर बसवत होता.

चालताना माझ्या मनात आमच्या काजूच्या बागा होत्या. मार्च-एप्रिलमध्ये सावंतवाडी-दोडामार्गकडे बी काढून घेतली की बोंडूंचे ढीग झाडाखाली कुजतात. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात त्याच बोंडूचा रस आंबवून हुर्राक आणि फेणी होते. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशन मिळालं, 2016 मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा म्हणून मान दिला. नदी तीच, माती तीच, फळ तेच. फरक कायद्यानं पडला. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं इंग्रज सरकारनं गाळणं आणि माडी काढणं आपल्या मुठीत घेतलं. 1892 च्या मोहवा कायद्यानं ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरही बंधनं आणली. महसूल वाढला. आदिवासी आणि भंडारी यांचं पिढीजात कसब रात्रीचं काम झालं. जे काम रात्री करावं लागतं, त्यात चव जपली जात नाही. आज पकडलं न जाणं एवढीच त्यात कसोटी उरते. ज्या बिशपानं बांबर्गच्या बिअरमध्ये काय घालावं हे ठरवलं, त्यानं निदान ती बनवणारा दिवसाढवळ्या बनवेल हे गृहीत धरलं होतं.

आउफझेसच्या शेवटच्या ब्रुअरीत चारही ठिकाणचे शिक्के दाखवले की प्रमाणपत्र मिळतं. भाच्यानं ते घेतलं आणि मला विचारलं, "मावशी, आपल्याकडे अशी वाट होईल का गं?"

होईल, असं मी म्हणाले आणि मनापासून म्हणाले. बोंडूच्या बागा आहेत, कसब जाणणारे हात अजून आहेत, पुण्या-मुंबईत 2009 नंतर उघडलेल्या लहान ब्रुअरींनी नवी चव चाखायला तयार असलेली पिढीही घडवली आहे. सोपा, माणसाळलेला परवाना हवा, तो मागायलाच हवा. पण फ्रँकोनियाला सांभाळलं ते एकट्या परवान्यानं नाही. बनवणाऱ्याच्या दारात उजेडी जाऊन बसणारी, चांगलं-वाईट तोंडावर सांगणारी, भाव चढला तर भांडणारी आणि बेतानं पिऊन उठणारी गिऱ्हाइकं तिथे शेकडो वर्षं होती. आमच्या गाळणाऱ्यांना तशी गिऱ्हाइकं कधी मिळालीच नाहीत. ती आता आपल्याला व्हायचं आहे, आणि आईला, सुनेला, लेकीला शेजारी बसवून व्हायचं आहे.